एस्तेरचं नवं वायरिंग

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेले नाही. सकाळी शेडात लाकडं आणायला गेले आणि सहज एस्तेरचं बॉनेट उघडलं. उंदरांनी सगळं वायरिंग खाल्लंय. आत चिंध्या, शेंगांची टरफलं आणि कोपऱ्यात ताजं बाळंतपण. पिल्लं गुलाबी. परत झाकून ठेवलं, माझ्यानं काही ती मारवत नाहीत.

सासऱ्यांनी ट्रक घेतला तेव्हा त्याला सासूबाईंचं नाव दिलं होतं. म्हणजे घरात दोन एस्तेर. दोघी तापट, दोघी सकाळी सकाळी धूर काढायच्या. सासूबाई गेल्या, ही लांबनाकी राहिली. दिवाळीनंतर ह्यांना झटका आला, तेव्हापासून ही शेडात उभी आणि हे पडवीत आडवे.

ह्यांनी आज पण व्यायाम केला नाही. उजवी बाजू गेलेलीच, वाचा पण. डावा हात चालतो, तर त्यानं काय करायचं? माझा हात झिडकारायचा. तोंड भिंतीकडं. पेज अर्धी वाटी.

१० फेब्रु.

जीप करून ह्यांना नगरला नेऊन आणलं. कागदावर अहिल्यानगर झालंय, जीपवाला अजून ‘नगर नगर’ करूनच ओरडतो.

डॉक्टर तरुण आहे, पण तोंडावर बोलतो. “बाई, ह्यांनी मनातून सोडलंय. पेशंटनंच सोडलं तर आमचं काही चालत नाही. त्यांच्या जिवाभावाची एखादी गोष्ट असेल तर ती समोर आणा.”

जिवाभावाची गोष्ट! मी काय भिंत होते का समोर बसलेली?

पण येताना डोक्यात तेच. लग्न होऊन आले तेव्हापासून एक सवय आहे. चर्चच्या वळणावर एस्तेरचा हॉर्न वाजला की मी चहा ठेवायची. वळणापासून दारापर्यंत येईतो चहा उकळायचा. झटका आल्यापासून चहा केव्हा ठेवायचा ते मला कळत नाही. खरंच सांगते. कधी पण ठेवते.

एस्तेर सुरू करायची. हॉर्न, दिवे, सगळं. ह्यांच्यासमोर.

१२ फेब्रु.

रूथचा फोन, पुण्याहून, ड्यूटी संपल्यावर. तिला सांगितलं.

“मम्मी, तू पण ना! पप्पांना माझ्याकडे आण. इथं स्पीच थेरपी आहे. आणि त्या गाडीला बीडरोडचा हॉटेलवाला मागतोय ना कधीपासून, दे त्याला.”

हॉटेलवाल्याला एस्तेर दारात उभी करायचीय, लोकांनी फोटो काढायला. इंजिन नको म्हणतो, फक्त दिवे लागले पाहिजेत. सासूबाईंच्या नावाची गाडी आणि तिच्यासमोर पोरं मिसळ खात फोटो काढणार.

म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही, हे पोरीला माहीत आहे. तिनं फोन ठेवला.

१५ फेब्रु., रवि.

रज्जाकभाई आले. ते एकेकाळी एस्तेरवर क्लीनर होते, ह्यांच्या हाताखाली. आता जामखेडला गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान. ह्यांच्यापाशी बसले, हात दाबला, डोळे पुसले, मग शेडात आले. बॉनेटमध्ये टॉर्च मारला आणि हसायलाच लागले.

“वैनी, ह्यात वायरिंग कुठं हाय? उंदराची वस्ती हाय नुसती.”

“नवीन सेट मिळंल का?”

“मिळंल. नगरला एक जण जुन्या गाड्यांचे बनवून देतो. पण कशाला? डिझेल गाडी हाय, चार माणसं लावून धक्का मारू, होईल सुरू.”

“धक्का मारून नको. चोरीची हाय का? चावी फिरवून, दिवे लावून, हॉर्न मारून सुरू झाली पाहिजे.”

ते मग म्हणाले, “लई आशा नका धरू, वैनी.” मी म्हटलं, आशेचं तुम्ही सोडा, सेटचं बघा. त्यांच्या दुकानात उन्हाळ्याची गर्दी, इथं येऊन बसायला सवड नाही. बसवीन मीच. विहिरीच्या जळक्या मोटारी भरते मी, तारेला काय भ्यायचं.

१९ फेब्रु.

चार मोटारी आल्या भरायला. विहिरी तळाला गेल्या की लोक मोटारी कोरड्या चालवतात, मग जाळून माझ्याकडे आणतात. पडवीतच बसते काम करायला, ह्यांच्या नजरेसमोर. पूर्वी मी मोटार भरताना हे ट्रकमधून आले की वेढे चुकवायला मुद्दाम मध्येच बोलायचे. मी ओरडायची. आता कोणी चुकवत नाही.

२६ फेब्रु.

सेट आला. केवढा गठ्ठा! काळ्या टेपनं गुंडाळलेला, टोकांना रंगीत तारा. लाल, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी पट्टीवाली. नवीन प्लास्टिकचा वास. ह्यांच्या खाटेवर पायाशी ठेवला. बघितला त्यांनी. डोळे सेटवरून हलेनात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मान भिंतीकडून वळली.

प्रभू, तुझे उपकार.

पेज पूर्ण वाटी.

२८ फेब्रु., शनि.

जुनं वायरिंग सगळं काढलं. दिवसभर लागला. उंदरांची पिल्लं मोठी होऊन गेलीत, बरं झालं.

आमची मोटारीची रीत तीच लावली. जळकं वाइंडिंग कापून ओढायचं, वेढे मोजायचे, तारेची जाडी बघायची, टिपून ठेवायचं, मग जुनं तांबं डब्यात जाळून साफ. तसंच केलं. तारा किती, जाडी किती, लांबी किती, सगळं टिपलं. मग अंगणात तेलाच्या डब्यात पेटवलं. काळा धूर. शेजारची मार्था खोकत आली, “अगं काय जाळती? वास किती!”

आणि ह्यांचं काय सांगू! डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठोकत होते. ठक. ठक. ठक. डोळे मोठे. मी धुरातून हात केला, “हो, हो, आता नवीनच बसवते!” मार्था पण म्हणाली, “बघ, किती खूश झालेत.” जाळ विझेपर्यंत ठोकत होते. मग हात खाली पडला आणि तोंड भिंतीकडं.

दमले असतील.

२ मार्च

नवा सेट चेसीवर अंथरला. मागच्या दिव्यांची टोकं दिव्यांपर्यंत पोचतच नाहीत. पुढच्या तारा हातभर जास्त. डॅशबोर्डामागे सात टोकं लोंबतायत, सातांपैकी कुठलं कुठल्या बटणाला ते देवाला ठाऊक. बटणं तरी कुठं जागेवर आहेत? ह्यांनी वायपरचं बटण हॉर्नला लावलेलं, दिव्याचं तिसरीकडेच, फ्यूजचा डबा सीटखाली सरकवलेला. सगळी वर्षं हाताला येईल ती तार. दाराच्या घंटीची, मंडपाची, माझ्या पेटीतली मोटारीची.

कंबर मोडली. ह्यांना ओरडले, “अहो, हा काय पसारा करून ठेवलाय तुम्ही!” मग लाज वाटली. बिचारे उत्तर देणार कसे?

४ मार्च

आजचा दिवस लिहायचा नव्हता, पण लिहिते.

रज्जाकभाई आले बघायला. शेडात सगळं बघितलं. “वैनी, जुनं कुठं ठेवलंय?”

“जाळलं.”

“जाळलं म्हंजी?”

“मोटारीचं जाळतो तसं.”

दगडावर बसलेच ते. “आवं, मोटारीत वेढे मोजले की झालं. गाडीत तसं नसतं. जुनं जागेवर ठेवून एकेक तार बदलायची असती. कुठली कुठं जाती, ते जुनंच सांगतं. त्यातून ह्या माणसानं सगळं आपल्या मनानं जोडलेलं. आता कोण सांगनार?”

मी पडवीत आले. माझ्यामागून ते. तेवढ्यात मी ह्यांचा हात व्यायामाला धरला आणि ह्यांनी दांड्यावर ठोकलं. ठक. रज्जाकभाई जागीच थांबले.

“वैनी. एक मारली.”

“मारतात ते असं. सवय लागलीय.”

“सवय न्हाई. क्लीनर मागनं बॉडीवर मारतो ना? एक म्हंजी थांब. दोन म्हंजी चला. मी ह्याच माणसाला वीस वर्षं मारत आलोय. तुमी हात धरला, तर त्यो थांब म्हणतोय.”

मग ते ह्यांच्या कानाशी वाकले. “उस्ताद, बरोबर का?”

ठक ठक.

रज्जाकभाई तिथंच रडले. मी नाही रडले. माझ्या डोक्यात दुसरंच. मी विचारलं, “अहो, मी जाळत होते त्या दिवशी? थांब म्हणत होता?”

ठक ठक.

अख्खा वेळ. धुरातून मी हात हलवत होते.

५ मार्च

रूथला सांगितलं की पप्पा बोलतात. हो-नाही बोलतात. फोनवर रडली, हसली. पुढच्या क्षणी नर्स झाली, “मम्मी, दर वेळी खात्री कर. उलटा प्रश्न विचारून बघ.”

उलटा प्रश्न विचारला. “मी म्हातारी झाले का?” ठक ठक. “मी म्हातारी नाही झाले ना?” ठक.

खात्री झाली. मेला.

७ मार्च

टोक हातात धरून पडवीत येते. “ही पिवळी, मागच्या दिव्याची?” ठक. “हॉर्नची?” ठक. “डायनामोची?” ठक ठक. पळत शेडात. जोडते. परत येते. दहा हात अंतर, दिवसात किती फेऱ्या झाल्या असतील कोण जाणे. गुडघे बोलायला लागले.

शेवटी मार्थाची पोरं आणि दोन गडी बोलावून खाटच शेडाच्या दारात आणली. आता एस्तेरच्या नाकासमोर ह्यांचं डोकं.

संध्याकाळी हात धरून व्यायाम करू दिला. दहा वेळा वर, दहा वेळा खाली. आपणहून.

११ मार्च

काय, कुठं, का. हे तीन शब्द आमच्या घरातून गेलेत. ह्या शब्दांचं उत्तर ठोक्यात येत नाही. “फ्यूजची तार कुठून नेली होती?” असं विचारलं की नुसते बघत बसतात. मग मी सुरू करते, सीटखालून? दाराकडून? इंजिनाच्या भिंतीतून? डाव्या भोकातून? ठक, ठक, ठक, ठक ठक. अख्खी दुपार एका भोकासाठी. कधी मध्येच झोपतात. कधी मला वाटतं कंटाळून उगाच दोन मारतात.

पण मागचे दिवे लागले. लाल. उजवा जरा मिणमिणता.

१६ मार्च

रूथ आली दोन दिवस. वडिलांशी ठक-ठक बोलून घेतलं पोटभर. मग स्वयंपाकघरात मला धरलं.

“मम्मी, ते खूश दिसतात. मान्य. पण गिळताना ठसका लागतोय, तुझ्या लक्षात आलंय का? वजन उतरलंय. तू त्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसतेस.”

“ते बॉनेटमुळंच जेवतायत.”

“किती दिवस? वायरिंग संपलं की?”

मी भाकरी थापत राहिले. पोरगी माझ्यावर गेलीय, नको तिथं बोट ठेवते.

जाताना हॉटेलवाल्याचा नंबर फ्रीजवर चिकटवून गेली.

२२ मार्च, रवि.

चर्चला गेले. पाळकसाहेबांनी विचारलं, एस्तेर कुठवर आली. म्हटलं, पुढचे दिवे राहिलेत. म्हणाले, ईस्टरला उठेल बघा. मी म्हटलं, साहेब, लाजर चार दिवसांत उठला, हिला महिना होऊन गेला. हसले. मार्थाला बोलणं आवडलं नाही, देवाच्या घरात म्हणे असं बोलू नये. मग कुठं बोलायचं?

२७ मार्च

ह्यांच्या ठोक्याला जोर कमी. पहिला ऐकू येतो, दुसरा ऐकू येतो का येत नाही, अशी गत. कान दांड्याला लावते.

पुढचे दिवे झाले. डॅशमागची सातपैकी सहा टोकं गेली. सातवं हॉर्नचं.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

आजचं कुणाला सांगायची सोय नाही.

उपासनेला निघायच्या आधी म्हटलं, दहा मिनिटांत सातवं टोक लावून टाकू. लावलं, बटण दाबलं. वाजला! हॉर्न वाजला! तोच, आमचा, तीन सुरांचा. बटण सोडलं. थांबेना. दाबलं, सोडलं, बुक्की मारली. थांबेना. तिकडं चर्चमध्ये वधस्तंभाची उपासना, वर्षातला एकच दिवस जेव्हा घंटासुद्धा वाजवत नाहीत, आणि इथं एस्तेर बोंबलतेय. बॅटरीची तार ओढेपर्यंत अख्ख्या वाडीला ऐकू गेलं असेल.

घामानं निथळत मागं बघितलं तर हे हसत होते. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं जागेवर. आवाज नाही, पण खांदे हलत होते.

मी खाली मातीत बसले आणि हसतच राहिले. उपासना गेली. प्रभूनं माफ करावं, त्याचं दुःख आठवायच्या दिवशी आम्ही दोघं हसलो.

चहा ठेवला मग.

५ एप्रिल, ईस्टर

मार्था बोलत नाही. पाळकसाहेब बोलले, पण ओठ दाबून. हॉर्नची तार बॉडीला टेकत होती, रज्जाकभाईंनी फोनवर सांगितलं, टेप लावली.

स्टार्टरची जाड केबल तेवढी राहिली. ती लावायला ते शनिवारी येणार.

८ एप्रिल

ठसका. रात्रभर उशी उंच करून बसवलं. आज ठोकले नाहीत. विचारलंच नाही मी, झोपू दिलं.

११ एप्रिल, शनि.

सुरू झाली.

आधी नीट लिहून घेते. रज्जाकभाईंनी केबल लावली, डिझेल भरलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. खाटेला पाठीमागं गाद्या लावून ह्यांना बसतं केलं, डोक्याला टोपी. रूथला व्हिडिओवर घेतलं. मार्था पण आली, अबोला विसरून. मी वर चढून बसले, चावी माझ्या हातात. रज्जाकभाई म्हणाले, वैनी, फिरवा.

पहिल्यांदा नुसतं घरघर. दुसऱ्यांदा काळा धूर आणि मग झाली सुरू! सगळं शेड थरथरलं. पत्र्यावरची धूळ पडली. दिवे लागले. मी हॉर्न मारला. रज्जाकभाई नाचायला लागले त्या वयात. फोनमधून रूथ ओरडत होती, पप्पा, पप्पा!

मी खाली उतरून ह्यांच्याकडं धावले. मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं तोंडातून शब्द येईल. एखादा. शिवी आली असती तरी चाललं असतं.

ठक.

म्हटलं, दुसरा राहिला असेल. इंजिनच्या आवाजात ऐकू आला नसेल. कान लावला दांड्याला.

ठक. थोडं थांबून परत, ठक.

रज्जाकभाईंचा चेहरा पडला. त्यांनी तेल बघितलं, पाणी बघितलं, पट्टा बघितला, सगळ्या तारा हातानं चाचपल्या. कुठं गरम नाही, कुठं ठिणगी नाही. “उस्ताद, सगळं बराबर हाय. चालू ठेवू?”

ठक.

बंद केली.

१२ एप्रिल

“गाडी ठेवायची?” ठक. “विकायची?” ठक. “आवाज नको होता?” ठक. “माझं काही चुकलं?” ठक. “मग काय?” ह्याला ठोका नाही.

चर्चला गेले नाही.

१५ एप्रिल

पेज दोन चमचे. व्यायामाला हात धरला, झिडकारला पण नाही, पडू दिला माझ्या हातात. झिडकारत होते तेव्हा मी चिडायची. आता ते बरं वाटतं आठवलं तरी.

शेडाच्या दारातून खाट परत पडवीत. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं नाही. ते मला करावं लागलं, ऊन येत होतं म्हणून.

१८ एप्रिल

रूथ रजा टाकून आली. पुण्याला नेऊ म्हणाली. मग त्यांना तपासलं, पाठ बघितली, छाती ऐकली. पुण्याचं परत बोलली नाही. मला तिच्या न बोलण्याची जास्त भीती वाटली.

“नाकातून नळी घालायची का ते ठरवावं लागेल, मम्मी.”

“विचारूया त्यांना.”

“तू विचार. मला नाही जमणार.”

इतके पेशंट बघणारी नर्स आहे, आणि तिला जमणार नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी ट्रकच्या टपावर बसायचा हट्ट करायची.

२० एप्रिल

हॉटेलवाला स्वतः आला. फार गोड बोलणारा माणूस. एस्तेरभोवती तीन फेऱ्या मारल्या. “ताई, वायरिंग तर एकदम नवंकोरं. काय काम केलंय! दिवे लावून दाखवता?”

लावून दाखवले. दोन्ही पुढचे, दोन्ही मागचे, उजवा जरा मिणमिणता. म्हणाला, हे एवढंच पाहिजे होतं. पुढच्या आठवड्यात क्रेन पाठवतो.

क्रेन कशाला, चालत येईल ती. पण बोलले नाही. हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तो गेला, मी दिवे विझवले.

२२ एप्रिल

मोटार भरायला घेतली, वेढे चुकले. सोडून दिली.

बसून एक एक दिवस आठवत होते. ४ मार्चपासून हे बोलतायत. इतके दिवस मला हो-नाही मिळत होतं. मी काय विचारलं? पिवळी कुठली. निळी कुठली. भोक डावं का उजवं. त्यांना दुखतं का, भीती वाटते का, रूथला जवळ बोलवू का, काही म्हणजे काही विचारलं नाही. वायर आणि गाडी सोडून एक प्रश्न नाही. म्हातारी झाले का, हे विचारलं तेवढंच.

आणि ते बिचारे पिवळीचं सांगत बसले.

२४ एप्रिल

रज्जाकभाई येऊन गेले. ह्यांच्या पायाशी बसले बराच वेळ. जाताना दारात म्हणाले, “वैनी, घाटात चढ लई आला की उस्ताद गाडी बाजूला घ्यायचा. मी मागनं दोन मारायचो, चला म्हणून. त्यो खाली उतरून म्हणायचा, अरं, दम लागलाय तिला, बघ की जरा.”

एवढं बोलून खाली वाकले. चपला घालायला त्यांना वेळ लागला.

२६ एप्रिल, रविवार

रूथ आंघोळीला गेलीय. चर्चची घंटा झाली. मार्था आपणहून सांगून गेली, तुम्ही येऊ नका, मी प्रार्थनेत नाव घेते.

क्रेन उद्या येते म्हणून फोन आला होता. मी म्हटलं, उद्याचं उद्या.

ह्यांच्या जवळ स्टूल घेतलं. तोंड पुसलं. इतक्या दिवसांत नीट बघितलं नव्हतं, कानामागं केस वाढलेत, न्हाव्याला बोलवायला पाहिजे. म्हटलं, अहो, ऐका. आज तारेचं काही नाही. गाडीचं पण नाही. तुमचं विचारते. नाकात नळी घालून, पुण्याला नेऊन, अजून पुढं जायचं असेल तर दोन मारा. दमला असाल तर एक. माझ्याकडं बघून ठरवू नका. मी चिडणार नाही.

चिडणार नाही म्हटलं आणि आवाज चिडकाच निघाला. माझा आवाजच तसा. त्यांना माहीत आहे.

माझ्याकडंच बघत होते. मग हात उचलला. दोन बोटं उंच, तेवढाच उचलतो आता.

ठक.

दुसऱ्यासाठी मी थांबले. हात दांड्यावरच होता, उठला नाही, पडला पण नाही. बोटं हलली असं वाटलं. वाटलं असेल. मी माझा उजवा हात त्यांच्या हाताखाली सरकवला, दांड्यावर, म्हणजे दुसरा ठोका आला तर आवाज नाही झाला तरी मला कळेल. हलका आला तरी कळेल.

बाथरूममध्ये पाणी पडतंय. रूथ अजून आतच आहे.

हे डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय.